झुंबरबाईच्या पायगुणाचा दिवा

झुंबरबाई हसायला लागली की दोन वर्ग पलीकडे चाललेलं भूगोलाचं लेक्चर थांबतं. यात तिखटमीठ काही नाही. भूगोलाच्या सरांनी तशी लेखी तक्रार केली होती, आणि प्राचार्यांनी ती तक्रार वाचून दाखवली तेव्हाही झुंबरबाई इतकी हसली की शेवटी प्राचार्यच कागदाची घडी करून निघून गेले. मेहकरच्या या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती परिचर आहे. पंचविसाव्या वर्षी लागली, आता चौपन्नाची झाली. काचेची भांडी धुणं, पुसणं, मांडणं, पोरापोरींवर “हात भाजतीन!” म्हणून ओरडणं, हे सगळं ती पळत पळत करते. तिला सावकाश चालताना फारसं कुणी पाहिलेलं नाही.

अशा या मोकळ्या बाईच्या पोटात एक गुपित होतं, आणि ते तंबाखूचं होतं.

दोन वर्षांपूर्वी गावात आरोग्य शिबिर झालं. तिचा नवरा जानराव बसस्टँडमागे शिलाईचं दुकान चालवतो. त्याच्या गालाच्या आत डॉक्टरांना पांढरा चट्टा दिसला. तंबाखू आजच्या आज बंद, असं त्यांनी बजावलं. झुंबरबाईने घरी येताच नवऱ्याची चंची उचलली आणि चुलीत घातली. जानराव शांत माणूस. त्याने आधी चुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

“तूबी त खाते,” तो म्हणाला. “तू सोडली त मी सोडतो.”

ते खोटं नव्हतं. शेतात निंदणाला जायच्या वयापासून तिला सवय होती. दोघं बालाजीच्या देवळात गेली, पायरीला हात लावून शपथ घेतली. जानरावाने तंबाखू सोडली. झुंबरबाईनेही सोडली, नऊ दिवस.

दहाव्या दिवशी ती प्रयोगशाळेत ॲसिडच्या कपाटामागे गेली, चिमूटभर तंबाखू चुन्यासोबत मळली, खालच्या ओठात धरली आणि मनाशी म्हणाली, फक्त आजचा दिवस. तो आजचा दिवस दोन वर्षं चालला. घरी मात्र तिचा कारभार फौजदाराचा. संध्याकाळी जानराव दुकानातून आला की ती त्याच्या कॉलरचा वास घेणार, खिसे उलटे करणार, मोबाइलच्या उजेडात जीभ तपासणार. तो निमूट तोंड उघडायचा. पहिले तीन महिने त्याने काय सोसलं ते तिने पाहिलं होतं. लवंगा चावत तो अंगणात येरझारा घालायचा, हात थरथरून सुईत दोरा जायचा नाही, चहा नको, जेवण नको. आपण त्याला त्या वाटेवर एकटंच सोडलं, हे कळलं तर तो ओरडणार नाही, नुसता बघेल. आणि ते बघणं आपल्याला सोसणार नाही, ही तिची खरी भीती होती. म्हणून कॉलेज सुटताना ती चार वेळा चूळ भरायची, मूठभर बडीशेप चावायची आणि मग घरी जाऊन नवऱ्याची झडती घ्यायची.

आता या भानगडीत काचेची चिप कुठून आली ते सांगायला हवं.

धम्मशीला मॅडम मूळच्या अमडापूरच्या. मोठ्या शहरात संशोधन करून चार वर्षांपूर्वी या कॉलेजात शिकवायला आल्या, आणि येताना एक वेड सोबत घेऊन आल्या. आगपेटीएवढी काचेची पट्टी, तिच्या पोटात केसाहून बारीक खाच. त्या खाचेत विहिरीच्या पाण्याचा कणभर थेंब सोडायचा आणि दोन्ही टोकांना विजेचा दाब द्यायचा. पाण्यात विरघळलेले पदार्थ खाचेतून पळू लागतात, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असल्यामुळे वाटेतच एकमेकांपासून सुटे होतात. शेवटाला प्लॅटिनमच्या तारेचा बारीक आकडा, आणि त्याच्याभोवती रुथेनियम नावाच्या धातूचं नारिंगी पाणी. ठराविक पदार्थ त्या तारेपाशी पोचले की विजेच्या जोरावर तिथे उजेडाचा ठिपका पेटतो. ज्योत नाही, धूर नाही, नुसता उजेड. वर बसवलेली नळी तो मोजते आणि संगणकावरच्या सपाट रेघेत उंचवटा उठतो. शेतात मारलेलं तणनाशक विहिरीत किती उतरलं, हे यावरून तिथल्या तिथे कळावं, असा मॅडमचा बेत होता.

झुंबरबाईला हे एका दमात समजलं.

“हे त शंकरपट झालं!” ती म्हणाली. “साऱ्या बैलजोड्या एकदम सुटल्या, जिची तिची चाल अलग, आन् शेवटी पोचली की दिवा लागला!”

मॅडमनी पुढच्या वर्षापासून वर्गातही हेच सांगायला सुरुवात केली.

पण हा उजेड फार मंद, त्यामुळे अंधार गडद हवा. एप्रिलातल्या मेहकरात भरदिवसा अंधार कुठून आणायचा? खिडक्यांना काळे कागद लावले तरी फटीफटीतून ऊन आत. शेवटी झुंबरबाईने घरी गाऱ्हाणं घातलं आणि जानरावाने छत्रीच्या कापडाची दुहेरी खोळ शिवून दिली. यंत्र पूर्ण झाकलं जाईल अशी, आणि पुढे एक रुंद बाही, डोकं आत घालून भिंगातून बघता यावं म्हणून. सोबत निरोपही दिला. “मॅडमले सांग, याच्याखाली कोंबड्या बसवू नका म्हना. रात समजून उठायच्याच नाहीत.”

अंधार झाला, तरी एक अडचण उरली. चिपच्या भोकांवर रबराच्या तिळाएवढ्या कड्या बसवायच्या असत. मॅडमची संशोधक विद्यार्थिनी पुष्पांजली हातमोजे घालून चिमट्याने त्या बसवायला जायची आणि कडी टुणकन उडायची. मग दोघी फरशीवर गुडघे टेकून कडी शोधायच्या. झुंबरबाईने दोन दिवस हा तमाशा पाहिला आणि तिसऱ्या दिवशी “सरक” म्हणाली. तिने खिडकीकडे तोंड केलं, बोट जिभेला लावलं, ओल्या बोटावर कडी चिकटवली आणि नेमकी भोकावर ठेवली. गोधड्या शिवताना दोऱ्याचं टोक ओलं करायची ही सवय. चार कड्या बसायला चार क्षण लागले. ‘प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये’ अशी लाल अक्षरांची पाटी समोरच्या भिंतीवर होती. एकोणतीस वर्षं ती पाटी झुंबरबाईच पुसत होती, पण ती पोरांसाठी आहे असा तिचा पक्का समज होता. पुष्पांजली टाळ्या वाजवण्यात गुंग होती. बोट कशाने ओलं झालं हे तिने विचारलंच नाही.

आणि त्याच दिवशी उंचवटा आला.

आठ महिने सपाट पडून राहिलेली रेघ उठली! पुष्पांजली किंचाळली, मॅडमनी टेबलावर थाप मारली, झुंबरबाईने हातातलं फडकं छतापर्यंत भिरकावलं, भूगोलाचं लेक्चर थांबलं. मग जरा दम खाऊन मॅडमनी नीट पाहिलं. तणनाशकाचा उंचवटा यायला हवा होता साठाव्या सेकंदाला. हा आला होता सव्विसाव्या सेकंदाला, सगळ्यांच्या आधी. यादीत नाव नसलेलीच जोडी पहिली येऊन उभी होती. मॅडमनी विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी घातलं. उंचवटा आला. बाटल्या बदलल्या, क्षार बदलले, तार बदलली. तरी येतच राहिला. एका रविवारी झुंबरबाई घरी होती तेव्हा पुष्पांजलीने तासभर खटपट करून चिमट्यानेच कड्या बसवल्या, तर रेघ पुन्हा सपाट. सोमवारी झुंबरबाई कामावर आली आणि उंचवटा हजर!

“मावशी, तुमचा पायगुन हाये हा,” पुष्पांजली म्हणाली.

तिने ते थट्टेत म्हटलं, पण कॉलेजात थट्टा टिकते किती वेळ? दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झालं की झुंबरमावशी आत पाय ठेवते तेव्हाच यंत्रात दिवा लागतो. मंगळवारी परीक्षेची पोरं हॉल तिकिटं घेऊन आली, मावशी, नुसता हात लावा म्हणून. बुधवारी भूगोलाचे सर आले. घरामागे बोअर घ्यायचं होतं, खुणेच्या जागी मावशींनी एकदा उभं राहावं, अशी त्यांनी मान खाली घालून विनंती केली. झुंबरबाई गेली, उभी राहिली, वर दोन उड्याही मारून आली. जानरावाच्या तर आनंदाला पारावार राहिला नाही. गळ्यात टेप अडकवून तो माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी बायकोची कीर्ती ऐकवायचा आणि मग छाती मोजायचा.

“मी शुक्रवारी येतो पाह्याले,” त्याने जाहीर केलं. “शिवली मी खोळ, पन दिवा काही पाह्यला नाही.”

“या की!” झुंबरबाई म्हणाली. तिला स्वतःलाही तो दिवा डोळ्यांनी दिसला नव्हता. इतका मंद होता की यंत्रालाच कळायचा.

गुरुवारी सकाळपासून तिची दाढ ठणकत होती. तंबाखूकडे बघवेना. तिने नेहमीसारखं बोट ओलं करून कड्या बसवल्या. रेघ सपाट. दुपारी डबा खाल्ल्यावर दाढ जरा निवली, म्हणून ती कपाटामागे जाऊन बार भरून आली आणि दुसऱ्या चिपवर कड्या बसवल्या. पुष्पांजली आकडे म्हणू लागली. चोवीस, पंचवीस, सव्वीस. उंचवटा!

झुंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने रेघेकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि सगळा पायगुण तिच्या डोळ्यांसमोर धडाधडा कोसळला. दिवा तिच्या पायांनी लागत नव्हता, गालातल्या चिमटीने लागत होता! आणि उद्या शुक्रवार होता.

ती डोक्याने काही कमी नव्हती. शुक्रवारी तिने नळाखाली बोट भिजवलं आणि कड्या बसवल्या. रेघ सपाट. दुसरी चिप, तिसरी चिप, सगळ्या सपाट. सुटलो बाप्पा, ती मनात म्हणाली, आता कुणाला काही सांगायला नको.

पण मॅडम खुर्चीत बसल्या त्या उठेचनात.

“आलं ते काऊन आलं, गेलं ते काऊन गेलं, मले एकाचंही उत्तर देता येत नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या एखाद्या गावच्या विहिरीत तणनाशक सापडलं म्हणून मी सांगीन, आन् थे असंच भूत निघालं त? लोक माह्यावर विश्वास ठेवून पानी प्यायचं सोडतीन. नाही पुष्पांजली. बंद करू हे. दुसरा विषय घेऊ.”

पुष्पांजलीने डबा ओढला. ती एकेक चिप कापसात गुंडाळून डब्यात ठेवू लागली, आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. दोन वर्षं तिने या पट्ट्यांवर घालवली होती. झुंबरबाईला ते बघवेना. तिने मान फिरवली, तर दारात जानराव! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, चेहऱ्यावर कौतुक.

“कुठं हाये तुहा दिवा?” त्याने विचारलं.

झुंबरबाईने त्याच्याकडे पाठ केली. समोर रडणारी पोर होती, तिच्याकडे बघूनच तिला बळ आलं.

“मॅडम, थो उजेड माह्या तोंडातला हाये,” ती म्हणाली. “मी तंबाखू खाऊन राह्यली दोन वर्सं झाले. थुका लावून कड्या बसवते. काल सकाई खाल्ली नाही त आला नाही, दुपारी खाल्ली त आला. आज नळाचं पानी लावलं. भूतबित काही नाही. मीच हाये.”

एवढं एका श्वासात सांगून ती थांबली. मागे दारात काय चेहरा असेल हे बघायची तिची छाती झाली नाही. आणि मॅडमचं म्हणाल तर त्या रागावल्या नाहीत, त्या उडी मारून उठल्या!

“निकोटीन!” त्या ओरडल्या. “अगं, निकोटीननं उजेड पडतोच याच्यात! आन् पळतेही सगळ्यांत जोरात! सव्वीस सेकंद! पुष्पांजली, काढ त्या चिपा बाहेर! मावशी, आत्ता हाये का तोंडात?”

“हाये,” झुंबरबाई चोरट्या आवाजात म्हणाली.

मग कसली पाटी आणि कसलं काय. मॅडमनी छोट्या बाटलीत तिची थुंकी घेतली, गाळली, थेंबभर चिपमध्ये सोडली, आता बोटाला लागलेला अंश नव्हे तर अख्खा थेंब, म्हणजे उजेड डोळ्यांनाही दिसेल, आणि तिचं डोकं धरून खोळीच्या बाहीत घातलं. आत मिट्ट काळोख. जरा वेळाने डोळे सरावले. बाहेर पुष्पांजली आकडे म्हणत होती. सव्वीस म्हटल्याबरोबर भिंगाखाली खसखशीच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका उजळला, क्षणभर तसाच राहिला आणि विझला. एकोणतीस वर्षं इतरांचे प्रयोग धुऊन टाकणाऱ्या बाईने आपल्या अंगातून निघालेला उजेड पाहिला. आपण चोर आहोत हेच ती विसरली.

“दिसला! दिसला व माय!” ती आतूनच किंचाळली. “लाल, नारिंगी, इतकुसा! काय गोड हाये!”

हसत हसत तिने डोकं बाहेर काढलं, आणि समोर जानराव उभा होता. नुसता बघत होता. अगदी जसं तिला वाटलं होतं तसंच. तिचं हसू ओठांतच मेलं.

“मॅडम,” जानराव सावकाश म्हणाला, “माहीबी तपासा.”

झुंबरबाईच्या मनात आलं, म्हणजे हाही? दोन वर्षं जिने रोज त्याच्या कॉलरवर काही सापडू नये म्हणून वास घेतला, तीच आता काकुळतीला येऊन म्हणू लागली, बालाजी बाप्पा, याचा दिवा लागू दे. लहानसा लागू दे, पण लागू दे. दोघं सारखी चोर निघालो म्हणजे कुणीच कुणाकडे असं बघायला नको. जानरावाची थुंकी घेतली, नवी चिप लावली, आणि कुणी सांगायच्या आधी तिने स्वतःच डोकं खोळीत खुपसलं.

सव्वीस गेलं. साठ गेलं. शंभर झाले. काळं म्हणजे काळंच.

खोळीची कड उचलून जानरावाने आपलंही डोकं आत घातलं.

“लागला का?”

“नाही.”

“नीट पाह्य.”

“नाही लागला.”

“मंग मशीन बिघडली का?”

“मशीन नाही बिघडली,” ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. “तुमी खरंच सोडली. मी एकटं टाकलं तुमाले.”

जानरावाने खोळीची कड खाली सोडली.

“मले पह्यल्याच महिन्यात समजलं होतं,” तो म्हणाला. “चौतीस वर्सं झाले लग्नाले. बडीशेपीनं का वास जाते?”

“मंग बोल्ले काऊन नाही?”

“बोल्लो असतो त भांडून दोघांनंबी पुन्हा सुरू केली असती. आन् दुसरं असं,” त्याने आवाज खाली आणला, तरी बाहेर मॅडम आणि पुष्पांजली श्वास रोखून सगळं ऐकत होत्या, “चौतीस वर्सांत कोन्त्याच गोष्टीत मी तुह्या वर गेलो नाही. म्हटलं, हे एक त माहं राहू दे.”

आधी खोळ हलली. मग टेबल हलायला लागलं, नळ्या किणकिणल्या, आणि छत्रीच्या दुहेरी कापडातून झुंबरबाईचं हसणं असं फुटलं की दोन वर्ग पलीकडे भूगोलाच्या सरांनी खडू खाली ठेवला.

“उद्या माही पुन्हा तपासा,” ती डोळे पुसत बाहेर येऊन मॅडमना म्हणाली. “परवाबी तपासा. रोज तपासा. मले यांच्या बरोबरीले यायचं हाये.”

मॅडमनी दोन अटी घातल्या. कड्या यापुढे ओल्या कापसावर उचलायच्या, आणि पाटी मावशींनाही लागू. काम पुन्हा सुरू झालं. कोणता उंचवटा कशाचा हे आता मॅडमना छातीवर हात ठेवून सांगता येत होतं, आणि विहिरींच्या बाटल्या रांगेत लागल्या. रोज साडेदहाला, विहिरींच्या आधी, झुंबरबाईचा नंबर असायचा. पहिल्या दिवशी उंचवटा पडद्याबाहेर गेला. तिसऱ्या दिवशी निम्म्यावर आला. सातव्या दिवशी ती खाली मान घालून आली आणि तपासायच्या आधीच म्हणाली, “आज पाहू नका.” पुष्पांजलीने तपासलंच. उंचवटा डोंगराएवढा. त्या दिवशी झुंबरबाई कुणाशी बोलली नाही, आणि सगळा विभाग दिवसभर चुकल्या चुकल्यासारखा फिरला. लवंगा चावणं, हात थरथरणं, चहा नकोसा होणं, सगळं तिच्याही वाट्याला आलं. जानराव तिची झडती घेत नसे. तो फक्त संध्याकाळी विचारायचा, “आज किती उंच?” पायगुणाची गर्दी ओसरली. भूगोलाच्या सरांच्या बोअरला मात्र भरपूर पाणी लागलं, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच समजलं नाही.

एकोणतिसाव्या दिवशी सव्विसावा सेकंद आला आणि गेला. पुष्पांजलीने तीनदा तपासलं. मग तिने कागद छापून हातात दिला.

झुंबरबाई तशीच निघाली. ॲप्रन अंगावर, कागद हातात, भर बाजारातून पळत, भाजीच्या टोपल्या ओलांडत ती बसस्टँडमागच्या दुकानात शिरली आणि जानराव शिवत होता त्या कापडावरच तिने कागद आपटला. जानरावाने मशीन थांबवली. चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरून सरळ पाहिला, उलटा करून पाहिला.

“याच्यात त काहीच नाही,” तो म्हणाला.

“हाव!” धापा टाकत झुंबरबाई ओरडली. “थेच त दाखवाले आली!”

जानराव त्या सपाट रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

“म्हंजे माहं एक होतं थेबी गेलं,” तो म्हणाला, आणि बायकोला बसायला स्टूल पुढे केलं.